नोंदणीकृत अंगठ्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
काशिनाथ तंत्रनिकेतन, खापर,
ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार.

विषय : कार्यानुभव प्रमाणपत्र अंगठ्याअभावी न रोखणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "नोंदणीकृत अंगठ्यासह समक्ष हजर राहावे."

महोदय,

१. मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी. शिकता शिकता कामाचा अनुभव मिळावा म्हणून आपण मला रतिलालशेठ यांच्या जिनिंग कारखान्यात पाठविले. तेथे प्रथम हाती झाडू देण्यात आला. त्याबद्दल तक्रार नाही. स्वच्छता हीसुद्धा अभियांत्रिकीच, असे आपणच समजाविले होते.

२. एके दिवशी जिनच्या रोलरमध्ये कापूस अडकला. यंत्र बंद करूनच तो काढावा, असे पुस्तकात आहे. सुपरवायझर हेमकांतआप्पा म्हणाले, "मशीन बंद नको करू, बाहेर गाड्या उभ्या शेतस." मी हात घातला. उजवा अंगठा गेला. गाड्या वेळेत रिकाम्या झाल्या. पुढे रोलरवर जाळी बसली. वरातीमागून घोडे, पण बसली. ती मीच मोजून बसविली, हाच काय तो माझा अभियांत्रिकीचा अनुभव.

३. हजेरीयंत्रावर नोंद त्याच अंगठ्याची होती. उरलेला हंगाम मी डाव्या हाताने काम केले. यंत्राने मला गैरहजर धरले. दुसरे बोट नोंदवायचे तर आधी जुन्या अंगठ्याने संमती द्यावी लागते, असे आपल्या लिपिकांनी सांगितले.

४. प्रमाणपत्राशिवाय परीक्षेला बसता येत नाही. वर्ष बुडाल्यास घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जावे लागेल, आणि कोयता धरायलाही अंगठाच लागतो. मला अतिशय राग आला आहे. अर्जात राग चालत नसल्यास तेवढे वाक्य वगळून वाचावे.

५. आपले पत्र मी वडिलांना वाचून दाखविले. त्यांनी अंगठा घरामागे मोहाच्या झाडाखाली पुरला होता. जातीचा दाखला, रेशनकार्ड, वनपट्टा, कुठेही मूळ प्रत दाखविल्याशिवाय त्यांचे काम झालेले नाही. मी नको नको म्हणत असता त्यांनी कुदळ घेतली.

तरी पडताळणी करून प्रमाणपत्र देण्याची कृपा व्हावी.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
रिना दिलवरसिंग वसावे
(सही डाव्या हाताची आहे)
दि. १८ मार्च २०२५

सोबत :
१) दवाखान्याचे कार्ड, झेरॉक्स.
२) अंगठा, मूळ प्रत. पाहून लगेच परत मिळावा. वडील बाहेर बाकावर थांबले आहेत.