वहिनीनं भरलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ

नोकरी सुटल्यापासून घरातच पडून असतो. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, बाबा आळस. वहिनी काहीच म्हणत नाही, पण रोज सकाळी दादाच्या डब्यासोबत माझाही भरते. दुपारी मी तो पलंगावर बसून खातो. चीड येते. घरीच बसणाऱ्याचा डबा काऊन भरते, कशासाठी?

आज त्याच चिडीत डबा घेऊन वर्ध्याची बस धरली. एका दुकानावर ‘माणूस पाहिजे’ अशी पाटी होती. दारापर्यंत गेलो, पुढं पाय उचलेना. परत फिरलो. स्टँडवर डबा खाल्ला.

घरी वहिनीनं डबा उघडला.

“भाजी पुरली का जी भाऊजी?”

“पुरली.”

“उद्या एक पोळी जास्त देऊ? बाहेर भूक लागते.”

मी हो म्हणून बसलो. म्हणजे उद्या पुन्हा जायचं कबूल केलं की काय मी?