बाळ कुठंय?

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची. उतरेपर्यंत छाती दगडासारखी झाली होती. विमानतळाच्या स्वच्छतागृहात उभ्या उभ्या पंप केला, बाहेरून दारावर थापा — "अहो, अजून किती वेळ!" सगळं बेसिनमध्ये ओतून टाकलं. ओतताना बघवत नव्हतं.

ठकी सात महिन्यांची आहे आणि मी सहा दिवस इथे! कशासाठी? तर स्क्रीनवर बॅगेतली कात्री ओळखता येते का, ते पुन्हा एकदा सिद्ध करायला. नऊ वर्षं सुरक्षा तपासणीच्या मशीनवर बसतेय मी. माझ्या नजरेतून टाचणी सुटत नाही. तरी प्रशिक्षण सक्तीचं. नापास झाले तर मशीन सुटणार आणि दारात उभं राहून लोकांची तिकिटं बघायची.

घरच्या फ्रीजरमध्ये शनिवारपर्यंत पुरेल एवढं दूध काढून ठेवलंय. वरचं दूध ठकीला सोसत नाही. एकदा दिलं तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय, वर्षाची होईपर्यंत नावही काढू नका. म्हणजे सगळी मदार माझ्यावर. नवरा गमतीने मला 'डेअरी' म्हणतो. आज म्हणाला असता तर फोन आपटला असता.

मंगळवार, ४ मार्च

पंपासाठी जागा मागितली. आमचे शिकवणारे साहेब — पहिल्याच तासाला त्यांचं 'कडक इस्त्री' असं नाव पडलंय — छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, ती... स्टोअररूम चालेल का?"

स्टोअररूम म्हणजे प्रवाशांकडून काढून घेतलेल्या वस्तूंची खोली! तीन रॅक भरून कात्र्या, सुऱ्या, लायटर, नेलकटर, एक चक्क कुऱ्हाड. मधोमध खुर्ची. दाराला आतून कडी नाही, म्हणून एक पाय दाराला लावून बसायचं. पाय आखडतो. हातात पंप, समोर कुऱ्हाड आणि दूध म्हणे शांत मनाने येतं!

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली मावशी मात्र देवमाणूस. दुधाच्या पिशव्या बघून काही विचारलं नाही. मटारच्या पाकिटांखाली जागा करून दिली. "ठेव इथं. कुणी हात लावला तर हात मोडून ठेवीन."

बुधवार, ५ मार्च

आज हिशोबच केला. शनिवारी रात्री घरी पोचणार. रविवारपासून माझी बारा-बारा तासांची पाळी, पंधरा दिवस, कारण दोघीजणी रजेवर. घरचं दूध तेव्हा संपलेलं असणार. म्हणजे इथे साठवतेय ते घरी गेलंच पाहिजे.

आणि न्यायचं कसं? नियम मला पाठ आहे. बाळ सोबत असेल तर दूध जाईल, नसेल तर नाही. मीच तर रोज विचारते — "बाळ कुठंय?" बाळ नसेल तर दूध ओतायला बादली पुढे करायची. किती जणींना केली, आठवत नाही. आठवायचंही नाहीये.

मोठ्या सामानात टाकावं तर मधे विमान बदलायचंय, पाच तास बॅग उन्हात पडणार. नासून जाईल. ट्रेनने दोन दिवस. कुरियरवाला फोनवर हसला.

सगळ्या वाटा बंद आहेत आणि त्या बंद करणाऱ्यांतली मी एक आहे!

गुरुवार, ६ मार्च

ठकी व्हिडिओवर मला बघून इतकी रडली की सासूबाईंनी फोनच बंद केला. इकडे माझा कुर्ता भिजला. वर्गात दोन तास फाईल छातीशी धरून बसले.

शुक्रवार, ७ मार्च

पास! शंभरपैकी सत्त्याण्णव. आनंद वगैरे काही झाला नाही.

शेवटच्या तासाला धीर करून विचारलं, "सर, बाळ सोबत नसेल आणि आई दूध नेत असेल तर?" कडक इस्त्री म्हणाले, "बाळ नाही, तर दूध कशाला?" वर्ग हसला. मीही हसले. का हसले मी? स्वतःची चीड आली.

मग त्यांनी आजचा धडा घेतला — ओळखीच्या माणसाची, आपल्या खात्यातल्या माणसाची बॅग सगळ्यात आधी उघडायची. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवार, ८ मार्च

चोवीस पिशव्या, थंड पेटीत, दगडासारख्या गोठलेल्या. मावशीने वरून वर्तमानपत्र गुंडाळून दिलं.

मशीनवर एक तरुण पोरगी होती. पेटी आत गेली, पट्टा थांबला. मला कळलंच. तिने मान वर केली —

"मॅडम, बाळ कुठंय?"

अगदी माझाच सूर. घरी आहे म्हटलं. "मग नाही नेता येणार." बादली पायाशीच होती. मी म्हटलं, अहो, तिला दुसरं काही चालत नाही. "नियम आहे मॅडम." मागे रांग चुळबुळायला लागली. आणि मी नको ते केलं. पर्समधून माझं खात्याचं ओळखपत्र काढलं.

तिचा चेहराच बदलला. "अय्या, आपल्यातल्याच की तुम्ही! आधी नाही का सांगायचं!" पेटी माझ्या हातात. झाकणसुद्धा उघडलं नाही! आत काहीही असू शकलं असतं. तिच्या जागी मी असते तर निदान उघडून बघितलं असतं. कालच शिकलोय ना!

लाज वाटली. पण पेटी सोडली नाही. विमानात पूर्णवेळ मांडीवर घेऊन बसले.

घरी ठकी झोपलेली होती. तिला उचलून पोटाशी धरलं आणि खूप रडले. सासूबाईंनी पिशव्या मोजून फ्रीजरमध्ये लावल्या. "जिंकलीस गं बाई," म्हणाल्या.

रविवार, ९ मार्च

अकराच्या सुमाराला एक बाई आली. ऑफिसचे कपडे, हातात थंड पिशवी, आत सहा बाटल्या. बाळ नाही. आमचे सुपरवायझर माझ्या खुर्चीमागेच उभे होते.

मी विचारलं, "बाळ कुठंय?"

"घरी. पाच महिन्यांचा आहे."

नियम आहे म्हटलं. बादली मीच पुढे सरकवली. ती भांडली नाही. एकेक झाकण उघडून ओतत गेली आणि मी पुढची बॅग आत घेतली.

एक वाजता नवऱ्याचा फोन आला. ठकीने बाटली पूर्ण संपवली.