शालननं भरलेली ओटी

८ मार्च ९९
सकाळी धाडकन आवाज. गॅसच्या टेम्पोनं मागं घेताना दादाच्या गाडीचं दार आत घातलं. माझा भाऊ विश्वासानं आमच्या दारात गाडी लावून गावाला गेलाय, आणि हे असं! ड्रायव्हर तानाजी हात जोडून उभा. "चुकलं वैनी. भरून देतो, पर एजन्सीत सांगू नगासा." ह्यांचा पारा चढलेला.

९ मार्च
ह्यांनी एजन्सीत फोन केलाच. मी अडवलं नाही. दादाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

१० मार्च
भरपाईचं विचारायला बावड्यात तानाजीच्या घरी. बुधवार, चुलीवर मटण होतंच. त्याची बायको शालन म्हणाली, "पावणं पैल्यांदा आल्यात, जेवल्याबिगर सोडत न्हाई." नको नको म्हणत ह्यांनी दोनदा रस्सा ओरपला आणि हात वाळायच्या आत, "मग दाराचं काय?" धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तानाजी म्हणाला, "कुनीतरी फोन केला वो, कामावरनं काढलं. तरी देतो की दार करून." ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. निघताना शालननं माझी ओटी भरली. हिरवा खण, जरीचा काठ. वसुलीला गेलेली मी, पदर पसरून उभी राहिले.

१६ मार्च
तानाजीच्या मेव्हण्यानं दार ठोकून, रंगवून दिलं. दादाला कळलंसुद्धा नाही. ह्यांना म्हटलं, आता त्याला परत घ्यायला सांगा. "बघू."

२६ मार्च
शालन आली. "सायबांनी शबुद टाकला तर घेतील की परत." चहा दिला. सवाष्णीला रिकामी कशी पाठवायची? घाईघाईत कपाटात सगळ्यात वर होता तो खण काढला, नारळ-तांदूळ घेतले, ओटी भरली. तिनं पदरात बघितलं. मीही तेव्हाच बघितलं. हिरवा. जरीचा काठ.

खण परत घ्यायला मी हात पुढं केला. तीच म्हणाली, "असू द्या वैनी. घडी बी मोडली न्हाई, नवाच हाय." फाटकातनं पुन्हा वळून, "तेवढं सांगा हं सायबास्नी."

हे म्हणतात, तक्रार आपलीच, आता कुठल्या तोंडानं सांगू?

उद्या मीच जाते एजन्सीत. ह्यांना सांगितलेलं नाही. तिथनं पुढं बावड्याला. शालनला फोनचं सांगायचं, की नुसतं दुसरा खण देऊन परत यायचं?