झेंड्याचा ओटा

मु. वडखेड, उंद्रीजवळ
१४ मार्च १९६५

प्रिय किसनदादास पंचफुलाचा जयभीम.

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला कमी आहे. शेळीला दोन पिल्लं झाली. वहिनी आणि पोरं मजेत असतील. कापसाच्या जिनिंगमधला हंगाम संपत आला असेल, म्हणजे तुला पत्र वाचायला सवड असेल. असावी, कारण आज मी गोड लिहिणार नाही.

बनाबाईचं चहाचं दुकान तुला माहीत आहे, शालूबाईच्या उकडलेल्या शेंगाही. एस.टी. आपल्या वस्तीच्या झेंड्याच्या ओट्यापाशी थांबते म्हणून ही दोन घरं चालतात. कंडक्टर तर गावाचं नावसुद्धा घेत नाही, "झेंडा, झेंडावाले उतरा" म्हणून ओरडतो. ज्यांनी जन्मात आपल्या वस्तीकडे तोंड केलं नाही, ते आता ओट्याच्या कडेला बसून गाडीची वाट बघतात आणि बनाबाईचा चहा पितात. हे कोणाला खुपतं ते सांगायला नको. हिंमतराव पाटलाच्या पुतण्यानं वेशीजवळ हॉटेल टाकलंय, तिथे माश्यांशिवाय कोणी बसत नाही.

दीक्षा घेतल्यावर ओटा बांधला, तेव्हा दगड घ्यायला पैसा नव्हता. घरोघरच्या बायांनी आपापलं झिजलेलं जातं आणून दिलं. आपल्या आईनं तर चालू जातं दिलं आणि वर्षभर दुसऱ्यांच्या दारात दळायला गेली. तू तेव्हा बोर्डिंगात होतास, म्हणून सांगते.

गेल्या सोमवारी माणसं टिकाव घेऊन आली. म्हणे रस्ता रुंद होणार, ओटा नाल्यापलीकडे जाणार, आणि गाडी वेशीपाशी थांबणार. आम्ही बाया ओट्यावर चढून बसलो. मुकादम हसला.

"काऊन भांडता बाई? तुमच्याच किसनरावनं चावडीत हाव म्हटलं."

मी त्याला खोटारडा म्हटलं. भर रस्त्यात म्हटलं, दादा. तेव्हा आपले माणिकराव काका खाली मान घालून बोलले. तू मागे गावी आलास, त्या दिवशी ते चावडीच्या दारात उभे होते.

"खरं आहे पोरी. पाटलानं त्याले खुर्ची देल्ली. आपल्या मानसाले तिथं पयल्यांदाच खुर्ची. कपबशीत चहा देल्ला, किसनराव किसनराव केलं, आन् इचारलं, समाजाची हरकत नाही ना? तो म्हने, काहीच नाही."

त्याच चावडीत आपल्या आबांना जन्मभर पायरीखाली उभं ठेवलं. तुला खुर्ची मिळाली हे ऐकून मी वस्तीत गूळ वाटला असता. पण बसल्याबरोबर तू आमची जागा देऊन मोकळा झालास? समाज म्हणजे कोण रे? त्यात बनाबाई येत नाही? आई येत नाही? एका कप चहात तुला कळलं, की आमची कोणाचीच हरकत नाही! आणि त्या संध्याकाळी घरी येऊन जेवलास, आईच्या हातची भाकरी मागून खाल्लीस, पण शब्द काढला नाहीस. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

ओटा अजून जागेवर आहे, कारण आम्ही पाळीपाळीनं तिथे बसतो. बनाबाईची चूल मात्र त्यांनी फोडली. ती आता उंद्रीला गव्हाच्या कापणीचं काम शोधत फिरते.

येत्या बाजारच्या दिवशी पंचायतीची सभा आहे. पाटील सगळ्यांना एकच सांगतो, त्यांच्या शिकलेल्या माणसानं होकार दिलाय. तू ये. खुर्ची देतील, खुशाल बस. पण सगळ्यांसमोर सांग, की मी वस्तीला न विचारता बोललो, तो होकार माझ्या एकट्याचा होता. तेवढं जमत नसेल तर मलकापूरलाच राहा.

पत्राच्या शेवटी आईचा आशीर्वाद लिहायची आपली रीत. मी तिला विचारलं, लिहू का?

ती म्हणाली, "त्यानं आमाले इचारलं होतं का?"

म्हणून लिहिला नाही.

पंचफुला