स्लूझ्बा म्हणजे नोकरी

मी, हिरालाल मारोतराव कापगते, वय बहात्तर, पोलाद कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार कोहका, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कोणाची जबरदस्ती नाही. डोके शाबूत आहे, आणि तेच माझे दुखणे आहे.

१. कोहक्याचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. साकोलीच्या भावकीचा त्यात एका विटेचाही हक्क नाही. पत्नी सिंधुताई हयात असेपर्यंत तिथे राहील. तिच्या पश्चात घर सून रेणू हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. मुलाच्या नावे का नाही, असे भावकी विचारील. त्यांनी कलम तीन वाचावे.

२. बँकेतली ठेव सिंधुताईची. माझी अवजारे जुना सोबती लहानू डोंगरवार याला द्यावीत. १९८८ साली नेलेला पाइप रेंच तसाही त्याच्याकडेच आहे. दलाल गुड्डू माझ्या मयतीला आल्यास त्याला फाटकावरूनच हाकलावे.

३. मुलगा राहुल ठेक्यावर वेल्डर होता. चीनचा स्वस्त माल बाजारात आला, ठेकेदाराच्या ऑर्डरी आटल्या आणि राहुल घरी बसला. तेव्हा गुड्डूने रशियात वेल्डिंगचे काम आहे म्हणून सांगितले. तिकडे लढाई चालू आहे, नको, असे रेणू म्हणाली होती. मीच म्हटले, "रशियावाले आपलेच लोक हायेत." आम्ही भिलाईवाले असेच मानत आलो. इथल्या कारखान्याच्या भट्ट्या त्यांनी उभ्या केल्या. त्यांच्या इंजिनियरांसोबत मी जेवलो, संध्याकाळच्या वर्गात त्यांची भाषा शिकलो. देश म्हणजे तेच चार इंजिनियर, असा माझा समज होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राहुलने तिकडून एका कागदाचा फोटो पाठवला आणि फोन केला. "बाबा, सारं रशियनमधी हाय. सही मागून राहिले. तुमी वाचून सांगा." मी चष्मा लावला. 'स्लूझ्बा' हा शब्द ओळखीचा निघाला. स्लूझ्बा म्हणजे सर्विस, आणि सर्विस म्हणजे आपल्याकडे नोकरी. म्हटले, "पक्की सर्विस लिहून हाय. कर सही." घरात एवढेच सांगितले, की राहुलला पक्की नोकरी लागली. सिंधूने कॉलनीत पेढे वाटले.

त्या शब्दाच्या आधी आणखी एक शब्द होता. कारखान्यात तो कधी कानावर आला नव्हता. शब्दकोश कपाटात होता, पण मला रशियन येते या ऐटीत मी उठलो नाही. आठ दिवसांनी उघडला. त्या शब्दाचा अर्थ 'लष्करी' असा निघाला.

एप्रिलमध्ये राहुलचा शेवटचा फोन आला. "बाबा, तुमी वाचलं होतं ना?" एवढेच बोलला. त्यानंतर पत्ता नाही. दिल्लीहून उत्तर येते, बेपत्ता. कागद मी वाचला होता, हे घरात आजवर कोणाला माहीत नाही. सिंधू, रेणू, तुम्ही गुड्डूला शिव्याशाप देता, तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. गुड्डू खोटे बोलला. सही मात्र माझ्या सांगण्यावरून झाली.

४. रशियन-हिंदी शब्दकोश माझ्या चितेत टाकावा.

५. गेल्या वर्षी रेणू शाळेतल्या नोकरीचा फॉर्म भरत होती. विचारू लागली, "मामाजी, इथं काय लिहू? विवाहित का विधवा?" मी म्हटले, "थांब थोडं." ती अजून थांबलेली आहे. तो फॉर्म तसाच राहिला. कायदा सात वर्षे वाट पाहा म्हणतो. पोरगी एकतीस वर्षांची आहे.

रेणूने आता वाट पाहू नये. तिला दुसरे लग्न करायचे असल्यास सिंधूने तिची आई म्हणून उभे राहावे. घर तरीही रेणूचेच. आणि तिचा संसार सुरू झाल्यावर एखाद्या दिवशी राहुल दारात येऊन उभा राहिला, तर तिला कोणी एक शब्द बोलू नये. त्याला सांगावे, तुला मेलेला धरा असे तुझ्या बापानेच लिहून दिले.

खालील दोघांनी माझी सही होताना पाहिली. मजकूर त्यांना वाचून दाखवलेला नाही, मला तो मोठ्याने वाचता आला नाही.

(सही) हिरालाल मारोतराव कापगते

साक्षीदार :
१. कमलेश साहू, कोहका (सही)
२. सुशील हेमणे, जुनवानी (सही)

स्थळ : कोहका, भिलाई
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५