पुदिन्याची त्रेसष्ट पानं

दमनहूर
रविवार, ४ मे

आदरणीय बदवीमामांना विदादचा सलाम,

आधी माफी मागते. ईदनंतर आठवडाभरात सविस्तर लिहिते असं कबूल केलं होतं, त्याला आता पाचवा आठवडा लागला. वसंताच्या सणाला तुम्ही पाठवलेले खारवलेले मासे पोचले, खाल्ले, घराला अजून त्यांचा वास आहे, आणि तरी पोच म्हणून चार ओळी लिहिल्या नाहीत. (दोनदा लिहायला बसले होते. पण दोन्ही वेळा पत्र स्वतःचीच बाजू मांडायला लागलं, म्हणून फाडलं.) तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही "सगळं छान आहे" म्हणता आणि मी श्वास घ्यायच्या आत ठेवून देता. इनआममामी गेल्यापासून तुमचं सगळं फारच छान चाललंय, हे मला खरं वाटत नाही. तुमच्या फय्यूमला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती हे पत्र देत आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्या, आणि गुडघ्याबद्दल खरं लिहा.

इकडे माझी झोप उडालेली आहे, आणि त्याचं कारण एक पुदिन्याची कुंडी आहे. तुम्ही आयुष्यभर शेतीखात्यात काढलंत, तेव्हा तुम्ही हसाल. हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या ऑक्टोबरात वरून परिपत्रक आलं की कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना विसावा मिळावा आणि कामात मन लागावं म्हणून प्रत्येक कार्यालयात झाडं ठेवावीत. आमचं कार्यालय म्हणजे जुन्या कालव्यांच्या नकाशांचं. (यातले निम्मे कालवे बुजून त्यांच्यावर घरं झाली, पण नकाशे आम्ही अजून नीट सांभाळतो.) छोट्या गाडीतून सात कुंड्या आल्या. शोभेची सात झाडं मागवली होती, पण रोपवाटिकेत सहाच निघाली. सातव्या जागी त्यांनी पुदिना दिला आणि कागदावर 'शोभेचं, सुगंधी' असं लिहून टाकलं. पुदिन्याला ऊन हवं आणि आमच्याकडे खिडकी एकच, म्हणून ती कुंडी खिडकीजवळ बसणाऱ्या उस्ताज शुक्रल्लांच्या वाट्याला आली.

आता यात माझा दोष किती, ते तुम्ही ठरवा. सरकारी वस्तू म्हटली की ती कुणाच्या तरी नावावर हवी. आणि ज्याच्या नावावर ती असेल, त्याने निवृत्त होताना ती नोंदीप्रमाणे परत केल्याशिवाय त्याला मोकळीक मिळत नाही. जडवस्तूंची नोंदवही माझ्याकडे आहे. तिच्यात माप, रंग, संख्या, स्थिती असे रकाने आहेत. दुसरा कुणी 'पुदिना, एक' लिहून चहा प्यायला असता. मला मात्र वाटलं, एक म्हणजे काय? काडी एक असली तरी एकच का? म्हणून मी पानं मोजली आणि लिहिलं: 'पुदिना. हिरवा. उंची एक वीत चार बोटं. पानं त्रेसष्ट. जिवंत.' रबराच्या झाडाचीही नऊ पानं लिहिली. निवडुंगाचे काटे एकशे चाळीसपर्यंत मोजून सोडून दिले, ते अपुरं काम अजून मनाला लागून आहे.

शुक्रल्लांबरोबर मी अकरा वर्षं काम केलं आणि या अकरा वर्षांत ते माझ्याशी नकाशाच्या क्रमांकांपलीकडे बोलले नव्हते. बायको वारली, मूलबाळ नाही, डबा टेबलावर एकटेच खातात, एवढंच मला माहीत होतं. पुदिना आला आणि त्यांच्या टेबलाशी माणसं थांबायला लागली. आमच्या चहावाल्या उम्म हाशिम ग्लास घेऊन तिथूनच जायला लागल्या. शुक्रल्ला देठाजवळ नख लावून दोन पानं खुडायचे, ग्लासात सोडायचे आणि म्हणायचे, "घ्या, सरकारी आहे." शिक्क्यासाठी आलेले शेतकरीसुद्धा बसून चहा पिऊन जाऊ लागले. परिपत्रकात म्हटलेला विसावा आम्हाला खरोखरच मिळाला, फक्त तो डोळ्यांतून न येता तोंडातून आला.

गेल्या महिन्यात, चोवीस तारखेला, शुक्रल्लांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्या आठवड्यात निरोपाचे चहा इतके झाले, की बुधवारी कुंडीत पाच पानं उरली. आणि गुरुवारी तपासनीस येणार होते. मामा, छत्तीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर पानं गहाळ केल्याचा शेरा पडणार आणि पेन्शनचा कागद अडकणार, तोही माझ्या मोजणीमुळे. जुडीतल्या काड्या मातीत रुजतात, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. बाजारातून ताजी जुडी आणली आणि कुणी यायच्या आत कुंडीत खोचली. (हा खोटेपणा की बागकाम, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.)

तपासनीस उस्ताज अब्दुस्समी चष्मा पुसून मोजायला बसले. नखापेक्षा लहान पानाला पान धरायचं की नाही, यावर अर्धा तास गेला. धरायचं नाही असं ठरलं. आकडा आला दोनशे अकरा. मला वाटलं, सुटलो. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मदाम विदाद, कमी असेल तर गहाळ म्हणता येतं. त्याला रकाना आहे. जास्तीला रकाना नाही. हे आलं कुठून?"

"वाढलं, उस्ताज. झाड आहे ते."

"जडवस्तूंच्या वहीत आहे ना? मग वाढलं कसं?"

शेवटी उम्म हाशिमच म्हणाल्या, "एवढंच ना? पिऊन टाकू. बसा सगळे." आणि खरोखर बसलो. पंधरा माणसांनी दुपारपर्यंत चहाच्या तीन फेऱ्या केल्या. शुक्रल्ला खुडत होते, मी मोठ्याने वजा करत होते, तपासनीस खुणा करत होते. त्यांनी स्वतः चार ग्लास घेतले आणि चौथ्यात गप्पांच्या नादात आपल्याच हाताने दोन पानं जास्तीची टाकली. पुन्हा मोजणी झाली. एकसष्ट.

नियम नियमच म्हणून त्यांनी लिहिलं: तूट दोन पानं, फेरतपासणी पाच मे, तेव्हाही तूट राहिल्यास चौकशी. तोवर कुंडी शुक्रल्लांच्याच नावावर, म्हणून निवृत्त होऊनही ते रोज कोट घालून आठाला हजर होऊ लागले.

पुदिन्याला दोन पानांसाठी असा किती वेळ लागणार? पण आकडा पुढे जाईना. मंगळवारी मी सात वाजता मोजली तेव्हा बासष्ट होती, नऊ वाजता साठ. बुधवारी मी नकाशांच्या कपाटाआड उभी राहिले (हेरगिरी मला शोभत नाही, हे लिहून ठेवते). शुक्रल्ला आले, कोट काढला, खुर्ची पुसली, आजूबाजूला पाहिलं, आणि टोकाची दोन कोवळी पानं इतक्या हळू खुडली की काडीसुद्धा हलली नाही. ती त्यांनी खिशात टाकली.

मी उम्म हाशिमना सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं. "घरी त्यांना ग्लास कोण देणार, मदाम? तुम्ही गप्प बसा." मी गप्प बसले. पण उद्या तपासनीस येणार आहेत. आकडा भरला तर शुक्रल्ला जाणार, न भरला तर त्यांची चौकशी होणार. कुठल्या निकालासाठी दुआ करावी, ते मला कळेना.

तुमची आज्ञाधारक भाची,
विदाद

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तुमच्या रोपांच्या वाफ्यांना रोज पाणी घालणं गुडघ्यामुळे जमत नाही, हे मला तुमच्या शेजारणीने सांगितलं आहे. तुम्ही शुक्रल्लांना तुमच्या हाताने पत्र लिहा की पुदिना जाणणारा माणूस हवा आहे. मी सांगितलं असं लिहू नका. मदत केल्यासारखं लिहू नका, मागितल्यासारखं लिहा. ते चहा फार कडक पितात आणि बोलत नाहीत, पण समोर कुणी बसलं तर हळूहळू बोलतात. तुम्हीही तसेच आहात.

ता. क. दुसरं. वर सगळं शुक्रल्लांवर टाकलं, ते पुरतं खरं नाही. मंगळवारी नऊ वाजता जी दोन कमी भरली, त्यातलं एकच पान त्यांनी खुडलं होतं. दुसरं मी. काल शनिवारची सुट्टी होती तरी किल्ली घेऊन गेले आणि दोन खुडली. त्या खिडकीशी दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही, हे अकरा वर्षांत मला कळलं नव्हतं. आज संध्याकाळी कुलूप लावताना मोजली. बरोबर त्रेसष्ट आहेत. एकालाही हात लावला नाही.

उद्या: चहा बिनपुदिन्याचा पिणे.