मुळीला दिलेलं आवतण

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रतिक्षा, लिहायला फार उशीर झाला, राग मानू नको. वही तू दिवाळीला दिलीस. मनातलं रोज कागदावर उतरवा, पानाचा फोटो मला मोबाइलवर पाठवा, मग झोप येईल, असं म्हणालीस. पण मी चौथी शिकलेला, आणि तुझी आई गेल्यापासून पेन हातात धरवत नव्हतं.

आता बालाजीकडं, सेनगावजवळच्या गोरेगावला आलो आहे. भाचा असावा तर असा. घर गावाबाहेर, मागं माळ, माळापलीकडं तांडा. अंगणात हळद शिजवायची कढई चढलेली आहे, सगळ्या घराला तोच वास. माझ्यासाठी ओसरीवर नवी बाज विणून ठेवली होती. त्याच्या बायकोनं, दिपानं, आल्या आल्या गरम पिठलं वाढलं आणि म्हणाली, मामा, आता इथंच ऱ्हायचं, जातो म्हणलं तर चपला लपवून ठेवीन. फार दिवसांनी हसलो.

फक्त झोप नाही. ती माझ्याबरोबर गाडीत बसलीच नाही वाटतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. तू फोनवर सांगितलंस की रात्रपाळीनं तुझीही झोप उडाली आहे. तेव्हापासून दोघांची काळजी मी एकटाच करतो.

तांड्यावरच्या शकुंतलाबाई हळदीच्या कामाला येतात. माझे डोळे बघून म्हणाल्या, काय ओ मामा, रातभर घुबडं राखता का? सगळ्या बाया हसल्या. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, माळावर एक मुळी आहे. तिचं नाव घ्यायचं न्हाई. पाण्यात उगाळून घेतली की लेकरासारखी झोप लागते. पण सरळ उपटायची नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन तिला आवतण द्यायचं. हळदकुंकू, तांदूळ, बुडाला लाल दोरा, आणि ज्याला झोप पाहिजे त्याचं नाव. एकच नाव. दुसऱ्या दिवशी सूर्य निघायच्या आत जाऊन तिला घरी आणायचं. आवतण दिलं की आणायला जावंच लागतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आवतण देऊन आलो. झुडूप लहान आहे, पानं सशाच्या कानासारखी मऊ. दोरा बांधला, माझी ती पोत्याचं तोंड बांधायची गाठ मारली. लहानपणी तुला शिकवली होती ती. माझं नाव सांगितलं. मग वाटलं, आपल्यापुरतं काय मागायचं? तुझंही नाव सांगितलं. पुण्याला खोलीवर एकटी असते, तिलाही झोप दे म्हणालो. पत्ताही सांगितला. म्हाताऱ्याला हसू नको.

२३ फेब्रुवारी, रविवार

निघालोच होतो. तेवढ्यात बालाजी उठला. म्हणाला, मामा, अंधारात माळ काहून तुडवता, तुमच्या झोपेचं औषध मी रातीच आणलं. त्यानं सेनगावहून गोळ्यांची डबी आणली आहे. वर हिरवं पान छापलं आहे. सगळं झाडपाल्याचं, काही तकलीफ न्हाई, असं त्यानं वाचून दाखवलं. त्याचं मन मोडवेना. गुडघाही धरला होता. चपला काढून ठेवल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झोपलो! दिपानं हलवलं तेव्हा ऊन बाजेवर आलं होतं. बालाजी सगळ्यांना सांगत सुटला, माझी डबी, माझी डबी.

एवढंच, की पायथ्याशी चादरीवर माती होती. ओली. दिपा म्हणाली, मामा, चिखलात कुठं जाऊन आलात? पण माळावर सध्या पाण्याचा थेंब नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपार टळेपर्यंत झोपलो. दिपा रडकुंडीला आली होती. गोळी मी काल घेतलीच नव्हती.

बाजेच्या खुराला लाल दोरा आहे. गाठ माझी आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शकुंतलाबाईंना दोरा दाखवला. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. म्हणाल्या, आणायला गेला न्हाईत? पाव्हण्याला आवतण दिलं अन् दुसऱ्यालाच ताटावर बसवलं? आता ती आपल्या पायानं येऊन राहिली ना!

आम्ही माळावर गेलो. झुडपाच्या जागी खड्डा आहे. माती आतून बाहेर फेकल्यासारखी. तांदळाचा एक दाणा नाही.

उपाय एकच. ज्याचं नाव घेतलं त्यानंच, जागेपणी, आपल्या हातानं दोरा सोडायचा. दुसऱ्यानं सोडून सुटत नाही. मग त्यांनी विचारलं, नाव एकच घेतलं ना? मी खरं सांगितलं. लेक कुठं असते, हे त्यांनी दोनदा विचारलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा दोरा मी सोडला. रात्रभर डोळा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला.

सकाळी बघितलं तर ओल्या मातीची रेघ — बाजेपासून अंगणातून, जीप लागतात त्या रस्त्यापर्यंत. परत येणारी रेघ नाही.

१ मार्च, शनिवार

तू फोन उचललास. म्हणालीस, बाबा, काय झोप लागली, कामाला जायचंच राहिलं. खोलीत मातीचा वास येतो, गावाकडच्यासारखा, छान वाटतं. मी ओरडलो, दोरा बघ, पायाला, पलंगाला, कुठं असेल तो सोड. तू म्हणालीस, बाबा, तुमी पण ना — आणि जांभई. फोन चालूच होता. नुसता श्वास.

बालाजी दुपारीच पुण्याला निघाला. पानं पाठवतो आहे. दोन खुणा येतात. निळ्या होत नाहीत.

२ मार्च, रविवार

बालाजीचा फोन. दार तोडलं. तू आहेस. झोपलेली, तोंडावर हसू. डॉक्टर म्हणाले नाडी बराबर आहे, झोपच आहे. पायाच्या अंगठ्याला दोरा. त्यानं कापला — तो पाणी आणायला वळला, तर पुन्हा तिथंच. तशीच गाठ.

त्याला सांगितलं, तिचा मोबाइल उशाशी धर, मी लिहितो ते मोठ्यानं वाच. तो म्हणाला, वाचतो मामा, जरा टेकतो, डोळे जड झाले —

बालाजी उचलत नाही.

प्रतिक्षा, ऊठ. गाठ आठव. लांब टोक ओढायचं, आखूड नाही. पोत्यावर बसून शिकलीस, ओढलीस की टाळ्या वाजवायचीस. लांब टोक, बाळा —

खुणा निळ्या झाल्या. आत्ता.

तूच वाचते आहेस ना? तूच ना? निरोप पाठव. लवकर. काहीही लिही, नुसतं बाबा म्हण, मी इथं जागाच —